मुतेसानं ऑर्डर कुणालाच दिली नाही

शिऱ्या सुट्टीवर आला की पहिल्या चहापुरतं त्याचं कौतुक होतं. दुसरा चहा येईपर्यंत त्याचा 'कबाका' झालेला असतो; कबाका म्हणजे युगांडातल्या बुगांडा राज्याचा राजा. युगांडातल्या साखर कारखान्यात चीफ केमिस्ट असणं ही आमच्या नाशिक-नगर पट्ट्यात आता काही नवलाई राहिली नाही, पण तिथल्या राजांविषयी इतक्या मायेनं बोलणारा साखरवाला आमच्या माहितीत हा एकच. यंदा मोबाइलमध्ये कासुबीचे, म्हणजे तिथल्या राजांच्या समाधीघराचे, फोटो घेऊन आला होता. २०१० मध्ये जळालेलं ते, आता पुन्हा गवतानं शाकारून उभं राहिलंय, युनेस्कोनं २०२३ मध्ये धोक्याच्या यादीतून काढलंय वगैरे. फोटो हातोहात फिरले. नंद्यानं बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "पण हे झोपडंच ना?"

"झोपडं तुझं! आत छताला बावन्न कडी आहेत, बावन्न कुळांची. मागं झाडाच्या सालीच्या कापडाचा पडदा आणि पडद्याआड चार कबाका. त्यातला पहिला मुतेसा. १८८२ मध्ये त्यानंच राजवाडा म्हणून बांधला, १८८४ मध्ये गेला, तिथंच पुरला."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सर निवृत्त होऊन जमाना झाला, पण चष्मा कपाळावर गेला की आम्ही अजूनही मांडी सावरून बसतो.

"मुळात," सर म्हणाले. सरांचं प्रत्येक वाक्य मुळापासून सुरू होतं, त्यामुळे शेंड्याला पोचायला वेळ लागतो. "मुळात हा मुतेसा म्हणजे तोच ना? इंग्रज प्रवासी स्पीकनं बंदुका भेट दिल्या, यानं त्यातली एक स्वतःच्या हातानं भरली, एका पोराच्या हातात दिली आणि सांगितलं, जा, बाहेर कुणाला तरी मारून ये. पोरगं गेलं. बार झाला. पोरगं हसत हसत परत आलं. मेला तो कोण, त्याचा गुन्हा काय, कुणी विचारलंसुद्धा नाही. १८६२. स्पीकनं स्वतः लिहून ठेवलंय. आणि अशा माणसाच्या थडग्याचे फोटो आम्ही बघायचे?"

आता यावर शिऱ्या बोलणार होता, पण विजूनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. विजू सरकारी इमारतींच्या वायरिंगची कामं घेतो. अर्धं आयुष्य बिलं पास व्हायची वाट बघण्यात गेल्यामुळे त्याला राजेलोक आणि अधिकारी जरा लवकर कळतात, असं माझं मत आहे.

"सर, बार झाला तेव्हा स्पीक कुठं होता?"

"तिथंच. दरबारात."

"मग उठून तडक निघाला असेल."

"छे. जुलैपर्यंत होता."

"जुलैपर्यंत? का बरं?"

"अरे, त्याला नाईलचा उगम गाठायचा होता. वाट राजाच्या हद्दीतून. राजानं सोडल्याशिवाय जाणार कसा?"

"बरं. म्हणजे एकाला माणसाचा जीव बंदुकीहून स्वस्त आणि दुसऱ्याला नदीहून. यात रानटी कोण, ते तुम्ही ठरवा, तुमचा विषय आहे."

नंद्या टाळी द्यायला हात पुढं करून बसला, सरांनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्यानं तो हात डोक्यावरून फिरवला.

"तू विषय फिरवतोस, विजू. मुळात माझा मुद्दा माणूस मारला इतकाच नाही. हा राजा धरसोड वृत्तीचा होता. बघ, १८६७ पासून दहा वर्षं रमजानचे रोजे करतो. मशीद बांधतो, कुराण शिकतो, सरदारांनाही शिकायला लावतो. १८७५ मध्ये स्टॅन्ली हा गोरा प्रवासी येतो, तर लगेच बायबल ऐकायला बसतो. मग इंग्लंडचे प्रोटेस्टंट येतात, ते मांडी घालून स्थिरावतात तोवर फ्रेंच कॅथलिक येतात, त्यांनाही जागा देतो. आणि १८७९ च्या डिसेंबरात सरोवराचा देव अंगात आलेला भगत दरबारात आणतो आणि जाहीर करतो, तुमचं कुणाचंच नको, आमचं जुनं तेच बरं. याला काय राजा म्हणायचं? हा तर गावचा वासुदेव, ज्याच्या दारी त्याचं गाणं."

"वासुदेवाला दान तरी मिळतं," विजू म्हणाला. "ह्याचं उलट होतं. दारात आलेल्यांनाच हा झुलवत होता. सर, ह्यानं कोटेशनं मागवली. अरबांकडून, इंग्रजांकडून, फ्रेंचांकडून. तिघांना वाटत राहिलं काम आपल्यालाच मिळणार. तिघं वाट बघत तिथं बसले. नमुन्याचा माल प्रत्येकाकडून ठेवून घेतला आणि ऑर्डर शेवटपर्यंत कुणालाच दिली नाही."

हे ऐकून शिऱ्यानं अक्षरशः चहाचा ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं तिथं राहून हे आपल्याला का सुचलं नाही, हे दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. पण माणूस केमिस्ट, नुसत्या वाक्यावर भागत नाही, त्याला प्रमाण लागतं. त्यानं मग उत्तरेकडची बाजू मांडली, आणि खरं तर सगळी मेख तिथंच आहे.

इजिप्तचा खेदिव, म्हणजे तिथला राज्यकर्ता, इस्माईल तेव्हा नाईलच्या काठाकाठानं दक्षिणेकडे सरकत होता. त्याचा माणूस म्हणजे इंग्रज अधिकारी गॉर्डन, तोच पुढं खार्टूममध्ये मेला तो. गॉर्डनच्या दूतांच्या मुतेसाकडे फेऱ्या चालूच होत्या. १८७६ मध्ये त्याची एकशेसाठ सैनिकांची तुकडी बुगांडाच्या राजधानीत येऊन थडकली. गॉर्डननं तर बुगांडा आपल्याकडे आला असं वर कळवूनही टाकलं. मुतेसानं काय करावं? गोळी झाडली नाही. पाहुणचार केला. तुकडी राजधानीतच राहिली, भोवती माणसं त्याची, खायला-प्यायला त्याच्याच हातून. थोड्या दिवसांत पाहुणे कोण आणि कैदी कोण हे सांगता येईना. शेवटी त्यांना सोडवून न्यायला गॉर्डनला आपला अधिकारी एमीन याला पाठवावं लागलं.

"कळवलेलं मागं घ्यावं लागलं," शिऱ्या म्हणाला. "आता सांगा सर, उत्तरेकडून मुसलमान खेदिवाचं सैन्य येतंय, त्याच वेळी हा मुसलमानी धर्माचा शिष्य राहिला असता तर उद्या धर्माच्या नावानं खंडणी मागितली असती. म्हणून त्यानं स्टॅन्लीला पत्र लिहू दिलं, पाठवा तुमचे पाद्री. ते पत्र १८७५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या पेपरात छापून आलं आणि १८७७ च्या जूनमध्ये पाद्री हजर. त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं काय, माहीत आहे? बंदुका नि दारू बनवता येते का."

"येत होती?"

"नव्हती. नंतर मॅके आला, तो इंजिनीयर, त्याच्याकडून लोहारकाम, सुतारकाम, दुरुस्त्या करून घेतल्या. राजाची आई गेली १८८२ मध्ये, तिच्या अवाढव्य शवपेट्यासुद्धा त्याच्याकडूनच करून घेतल्या. आत्मा वाचवायला आलेला माणूस पेट्या ठोकत बसला."

तेवढ्यात अलका समोरच्या मेडिकलचं शटर ओढून आली. अलका आली की सर चष्मा नाकावर घेतात. आमच्यातल्या कुणाचंही औषधपाणी तिला माहीत असल्यामुळे तिच्यासमोर फार आवाज चढवता येत नाही.

"कोण मेलं?"

"मुतेसा," नंद्या म्हणाला.

"अरेरे. कधी?"

"१८८४."

तिनं नंद्याकडे पाहिलं आणि माझा अर्धा चहा उचलला. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ते सांगताना शिऱ्यानं १८७९ चा तो प्रसंग रंगवला. मॅके दरबारात रविवारची प्रार्थना घेतोय, सगळे गुडघ्यावर, आणि कॅथलिक पाद्री लूर्देल गुडघे टेकायला तयार नाही. राजानं विचारलं का, तर हा म्हणतो, ह्यांचा धर्म खोटा. दोन गोरे, दोघांचा देव एक, पुस्तक एक, आणि काळ्या राजासमोर एकमेकांना खोटं ठरवताहेत. राजानं विचारलं, तुम्हा गोऱ्यांच्या प्रत्येक देशाचा धर्म वेगळा असतो का?

"हे विचारणारा बावळट म्हणायचा सर?" विजू.

"मुळात त्यानं बाप्तिस्मा मागितला होता! मागितला होता का नाही? मग प्रामाणिक होता तर घेतला का नाही?"

"दिला नाही म्हणून. शिऱ्या, का दिला नाही?"

"बायका," शिऱ्या म्हणाला. "एक ठेव, बाकीच्या सोड, ही अट. दोन्ही पंथांची. आणि अरबांची अट सुंतेची. राजाच्या अंगाला शस्त्र लागायचं नाही, रक्त सांडायचं नाही, ही तिथली रीत."

अलका म्हणाली, "एक बायको ठेवायला इतकं जड जातं होय?" आणि नेमकं सरांकडे पाहिलं. सरांना एकच बायको आहे आणि ती जड जाते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"तसं नाही गं," शिऱ्या कळवळून म्हणाला. "तिथं राजाला स्वतःचं कूळ नसतं. राजपुत्र आईच्या कुळाचा. म्हणजे कुठल्याही कुळाच्या लेकीचा पोरगा उद्या गादीवर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक कूळ आपली लेक राजवाड्यात देतं, आणि प्रत्येक कुळाला वाटतं राज्य आपलं. एकच ठेव म्हणणं म्हणजे बाकी सगळ्या कुळांना घरी पाठव म्हणणं. दुसऱ्या दिवशी राज्य फुटलं असतं. पाद्र्यांना वाटलं, शयनगृहाचा मामला आहे."

हे मला स्वतःला फार पटलं. सरांना पटलं नाही, पण सरांना न पटणं ही त्यांची प्रकृती आहे. मात्र त्यानंतर सरांनी जो हुकमाचा पत्ता टाकला, त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, हे लिहायला हवं.

"आणि १८७६?" सर म्हणाले. मुळात न लावता म्हणाले, म्हणून सगळे गप्प झाले. "त्याच्याच दरबारातली पोरं. यानंच त्यांना नमाज शिकवला. मग ती म्हणाली, राजाची सुंता झालेली नाही, आम्ही त्याच्यामागं नमाजाला उभे राहणार नाही. त्याच्या खाटकांनी कापलेलं मांस खाणार नाही. तर काय केलं यानं? नमुगोंगोला नेऊन जाळली. विजू, हे कोटेशनमध्ये कुठं बसतं?"

"सत्तरच्या आसपास सांगतात तिथले मुसलमान," शिऱ्या हळूच म्हणाला. "त्याच जागी दहा वर्षांनी मुतेसाच्या मुलानं, म्वांगानं ख्रिश्चन पोरं जाळली. ३ जूनला आम्हाला कारखान्यात सुट्टी असते. लाखांनी लोक चालत येतात. पण येतात ते ख्रिश्चन पोरांसाठी. आधीच्या पोरांचं नाव फार थोड्यांना माहीत असतं."

"राजानं धर्म दिखाव्याला घेतला आणि पोरांनी तो खरा मानला," अलका म्हणाली. "मोठ्यांच्या राजकारणात मन लावून शिकणारी पोरंच मरतात."

विजू ग्लासाच्या तळाशी बघत होता. "तिथं मी वकीलपत्र घेत नाही," म्हणाला. आणि खरंच घेतलं नाही.

असा विषय जड झाला की नंद्या आहेच. त्याला आफ्रिका म्हटलं की एकच नाव येतं. "पण मग इदी अमीन ह्यांच्याच घराण्यातला ना?"

"कुठला! अमीन पार वायव्येकडच्या कोपऱ्यातला, काकवा. ह्यांचा त्याचा संबंध एवढाच की १९६६ मध्ये ह्यांच्या राजवाड्यावर तोफा डागल्या, तेव्हाचा सत्ताधीश ओबोटे याच्या हुकुमावरून, त्यानंच. कबाका, दुसरा मुतेसा, पळून लंडनला गेला, १९६९ मध्ये तिथंच वारला. ओबोटेला खाली खेचून अमीन आला, आणि १९७१ मध्ये त्यानंच तो देह लंडनहून आणून थाटात कासुबीला पुरला."

"ज्यानं घालवला त्यानंच आणला?"

"मतं लागतात रे," विजू म्हणाला. "हुकूमशहालासुद्धा."

"आणि पुढच्याच वर्षी आपल्या लोकांना नव्वद दिवसांत बाहेर काढलं," नंद्यानं आठवण करून दिली. नंद्याचं ज्ञान १९७२ मध्ये सुरू होतं आणि तिथंच संपतं.

आपल्या लोकांचं नाव निघताच सरांना पुन्हा पालवी फुटली. चष्मा वर गेला. "मुळात आपल्या लोकांचा संबंध रेल्वेपासून नाही, दुकानांपासून नाही, तो त्याही आधीचा आहे. स्पीक आणि मुतेसा बोलत कोणत्या भाषेत? राजा लुगांडात, दुभाषा ते स्वाहिलीत करणार, आणि ते ऐकून सिदी मुबारक बॉम्बे स्पीकला सांगणार हिंदुस्थानीत! बॉम्बे गुलाम म्हणून हिंदुस्थानात राहिलेला, म्हणून नाव बॉम्बे. नाईलच्या उगमाचा सगळा सौदा मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत झाला."

"मग स्पीकला निम्मं चुकीचंच कळलं असणार," विजू.

"ऐक तर! आणि हे आपलं शरणपूर," सरांनी रस्त्याच्या दिशेनं हात केला, "इथं मिशनच्या आश्रमात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन पोरं वाढवली. लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथली पोरं होती. विल्यम जोन्स इथलाच. बिशप हॅनिंग्टन १८८५ मध्ये बुगांडाला निघाला तेव्हा जोन्स त्याच्याबरोबर होता. बिशप थोडी माणसं घेऊन पुढं गेला आणि म्वांगाच्या हुकमानं मारला गेला. उरलेला काफिला किनाऱ्याला परत आणला तो जोन्सनं. नाशिकच्या पोरानं! आणि तुम्ही रोज ह्या रस्त्यानं जाता, तुम्हाला ठाऊक नाही."

खरंच नव्हतं. नंद्यानं लगेच प्रस्ताव मांडला की चौकाला जोन्सचं नाव द्यावं. त्यावर चौकाला आधीच कुणाचं नाव देण्याचं ठरलं होतं, ते कुणी हाणून पाडलं, त्या वेळच्या सभेत कोण कुणाच्या अंगावर गेलं, हे सगळं निघालं आणि चांगला अर्धा तास त्यात गेला. ते इथं लिहीत नाही, संबंधित मंडळी हे वाचतात.

परत आलो तेव्हा सर सावध झाले होते. जोन्सनं त्यांना बळ दिलं होतं.

"ठीक आहे विजू. तुझं कोटेशन मान्य. पण हिशोब शेवटी काय निघाला? राजा १८८४ मध्ये गेला. पोरगं विशीच्या आतलं. चार वर्षांत दरबारातल्या बंदूकवाल्यांनी, मुसलमान नि ख्रिस्ती मिळून, त्याला हाकललं. मग ख्रिस्ती मुसलमानांवर, मग १८९२ मध्ये प्रोटेस्टंट कॅथलिकांवर. १८९४ मध्ये इंग्रजांचा झेंडा. म्वांगा सेशेल्सला कैदेत मेला. तुझ्या राजानं तीन ठेकेदार अंगणात बसवून ठेवले. मालक गेल्यावर त्यांनीच घर वाटून घेतलं."

हे वाक्य सरांना जमलं. इतकं जमलं की ते त्यांचंच आहे का, अशी मला अजून शंका आहे.

विजूनं थोडा वेळ घेतला. "बरोबर आहे. पण सर, तो होता तोवर? अठ्ठावीस वर्षं. उत्तरेकडून इजिप्त, पूर्वेकडून झांझिबारचा व्यापार, वरून स्टॅन्ली, मिशनरी. १८७९ मध्ये तर यानंच आपली माणसं इंग्लंडला धाडली, राणीला बघून या म्हणून. आपण तिकडं जाऊन भाव काढून यावा ही अक्कल तेव्हा किती राजांना होती? आणि सगळ्यांना पाहून शेवटी स्वतःच्याच मनाचं केलं. आधीच्या कबाकांचा जबडा काढून वेगळा ठेवत, शिऱ्या म्हणतो. यानं तेही करू दिलं नाही. मेल्यावरसुद्धा कुणाच्या अटीवर नाही. अहो, माणसाला घ्यायचं नसेल तर न घेण्याचा हक्क आहे का नाही?"

"हक्क आहे. पण मग लोकांना आशेवर बसवायचं नाही! तोंडावर सांगायचं! हा अप्रामाणिकपणा आहे. मी असं कधीच..."

सरांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण विजूनं ग्लास खाली ठेवला आणि तो नुसता सरांकडे बघत राहिला. मग अलका बघायला लागली. मग मला आठवलं.

सरांच्या बंगल्याचं वायरिंग. सरांनी तीन कोटेशनं मागवली होती. विजूचं त्यातलं एक. विजू दोनदा जाऊन माप घेऊन आला, पॉइंट मोजले, सरांनी त्याला पोहे खाऊ घातले, "तुझंच नक्की समज" म्हणाले, नमुना म्हणून आणलेलं अख्खं बटणांचं खोकं ठेवून घेतलं. आणि काम दिलं बहिणीच्या मुलाला.

"ते वेगळं होतं," सर म्हणाले.

"काय वेगळं होतं?"

"मुळात घरातला माणूस..."

"कुळांना सांभाळावं लागतं," शिऱ्या गंभीरपणे म्हणाला.

यानंतर जे हसू फुटलं त्यात पुढची पाच मिनिटं कुणालाच काही बोलता आलं नाही. नंद्या तर खाली बसला. सर आधी रागावले, मग त्यांच्याही मिशीखाली हललं.

"हसा. पण काम चांगलं झालंय."

"काय चांगलं? मिक्सर लावला की तुमच्या घरातला टीव्ही बंद पडतो. वहिनीच सांगत होत्या दुकानात," अलका म्हणाली.

"कबाका," विजूनं उठून सरांना वाकून मुजरा केला, "बटणांचं खोकं तेवढं परत द्या."

"ते लावून झालं," सर म्हणाले, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला. पाकीट घरी राहिलं होतं.